इन्सुलिनची सुई आणि जागेची फेरपालट



लागण, खोडवा, खताचा हप्ता आणि पाण्याची पाळी हे आपल्या पत्रिकेतले नेहमीचे विषय. या वेळी थोडा निराळा विषय घेतला आहे, पण तो आपल्या घरातलाच आहे. आज गावात चार माणसे पारावर बसली तर त्यांतल्या एखाद्याला तरी 'शुगर' निघते. कुणाचे गोळ्यांवर भागते, कुणाला इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. सुई सुरू झाली की घरातला सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "किती युनिट?" सुई कोठे टोचायची, कशी टोचायची, आणि रोज एकाच जागी टोचली तर काय होते, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही, आणि गर्दीच्या दवाखान्यात सांगायलाही कुणाला सवड नसते. म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे. सुई घेणाऱ्याने आणि घरात ती टोचून देणाऱ्याने, दोघांनीही हा लेख वाचावा.

पोटातल्या सुईची धास्ती

पहिली अडचण भीतीची. पोटात सुई म्हटले की आपल्याकडची जुनी माणसे दचकतात, आणि त्याला कारणही आहे. पूर्वी कुत्रे चावले की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून तयार होत असे. मात्रा मोठी असे, पोट सुजे, ठणका लागे. २००४ अखेर आपल्या देशात ती लस बंद झाली. आता कुत्रे चावल्यावरची लस दंडाला देतात आणि ती थोडक्यात आटोपते. पण 'पोटातली सुई' ही धास्ती मनात राहून गेली.

इन्सुलिनच्या सुईचा त्या प्रकाराशी काही संबंध नाही. ही सुई केसासारखी बारीक असते. पेनला लावायची सुई तर अवघी ४ मिलिमीटर, म्हणजे गव्हाच्या दाण्याहूनही आखूड. माणूस लठ्ठ असो की सडसडीत, इंजेक्शनच्या जागची कातडी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची असते. तिच्याखाली चरबीचा थर आणि त्याखाली स्नायू. औषध पडायला हवे ते या मधल्या चरबीच्या थरात. कातडीतच राहिले तर आग होते आणि वर फुगवटा येतो. स्नायूत गेले तर दुखते, शिवाय औषध फार भरभर रक्तात उतरते. मधल्या थरात नीट पडले की दुखणेही कमी आणि औषधाची चालही बरोबर.

पहिल्याच सुईला गळू झाले

सुईच्या जागेचा त्रास इन्सुलिनइतकाच जुना आहे. कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग, बेस्ट, मॅक्लिऑड आणि कॉलिप या चौघांच्या खटपटीतून हे औषध निघाले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले. तो मुलगा मरणाच्या दारात होता. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले आणि औषध थांबवावे लागले. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला तो टोचला तेव्हा मुलाची साखर खाली आली आणि तो सावरला. औषध शुद्ध झाले तशी जागाही बिघडली नाही.

पुढे कित्येक वर्षे गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन वापरात होते. त्याने टोचल्या जागची चरबी झडून खड्डे पडत. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून तीच सुई महिनोन्‌महिने वापरल्याच्या आठवणी अजून अनेकांच्या घरी निघतील. १९८२ पासून माणसाच्या इन्सुलिनसारखेच इन्सुलिन जंतूंकडून तयार करून घेण्याची पद्धत बाजारात आली. तेव्हापासून खड्ड्यांचा त्रास पुष्कळ कमी झाला. आता जो त्रास राहिला आहे, त्यातला बराचसा औषधाचा नसून आपल्या टोचण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणूनच तो टाळणे आपल्या हातात आहे.

चिबड जमीन आणि पोटावरची गाठ

सर्वांत जास्त आढळणारा, आणि सर्वांत कमी ओळखला जाणारा, त्रास म्हणजे गाठ. रोज त्याच त्याच जागी सुई टोचली की तिथली चरबी वाढते आणि कातडीखाली रबरासारखा मऊ किंवा थोडा टणक उंचवटा तयार होतो. दुखत नाही, लाल होत नाही, पुष्कळदा डोळ्यांना दिसतही नाही. हात फिरवला तरच लागतो.

खरी गोम इथे आहे. गाठीच्या जागी संवेदना कमी होते, म्हणून सुई दुखत नाही. मग माणूस मुद्दाम तिथेच टोचू लागतो. "आबा, रोज तिथंच का टोचता?" म्हणून विचारले तर उत्तर येते, "बाळा, तिथं कळतच नाही बघ." जागा न दुखणे ही चांगली खूण वाटते, प्रत्यक्षात ती बिघाडाची खूण आहे.

याचे परिणाम आपल्या लोकांना समजावून सांगायला लागू नयेत. कालव्याचे पाणी आले तेव्हा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवर अनेक ठिकाणी उसाला पाणी देत राहिलो, आणि चांगल्या काळ्या जमिनी चिबड व खारपड झाल्या. वरून पाणी दिले तरी पिकाच्या मुळाला त्याचा उपयोग होईना. गाठीचेही तसेच. तिच्यात टोचलेले इन्सुलिन नीट शोषले जात नाही. काही आत अडकून राहते, काही उशिरा सुटते, तर कधी एकदम सुटते. सकाळी तपासावे तर साखर अडीचशे, दुपारी अचानक घाम फुटून हातपाय थरथरतात. माणूस म्हणतो, "पथ्य पाळतोय, सुई घेतोय, तरी साखर ऐकत नाही." डॉक्टरांना गाठीचा पत्ता नसेल तर तेही डोस वाढवत जातात.

स्पेनमधील डॉक्टरांनी सुई घेणाऱ्या ४३० जणांची पाहणी केली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना अशा गाठी होत्या. मात्र जे जागेची नीट फेरपालट करीत, त्यांच्यात हे प्रमाण अवघे शेकडा ५ होते. गाठी असणाऱ्यांना दिवसाला सरासरी ५६ युनिट इन्सुलिन लागत होते, गाठी नसणाऱ्यांना ४१. म्हणजे रोजचे १५ युनिट जादा! खर्चाचा हिशेब ज्याचा त्याने करावा. शिवाय कारण न कळता साखर एकदम उतरण्याचा प्रकार गाठी असणाऱ्यांत कितीतरी जास्त होता.

पोटाचे चार ब्लॉक करा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यातील कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. सगळे पाणी एकाच जागी मुरू नये, ऊस ठराविक भागात घ्यावा, बाकीच्या भागात दुसरी पिके, आणि पुढे फेरपालट, असा तिचा विचार होता. नेमका हाच विचार इथे लावायचा.

सुई घेण्याच्या जागा चार: पोट, मांडीचा वरचा बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग आणि दंडाची मागची बाजू. दंडावर स्वतःच्या हाताने नीट टोचता येत नाही, ते दुसऱ्याने टोचून द्यावे.

पोटावर बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ कल्पावी. चार चौकोन झाले. बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून द्यावी. पहिला आठवडा उजवीकडचा वरचा चौकोन, दुसरा आठवडा डावीकडचा वरचा, तिसरा डावीकडचा खालचा, चौथा उजवीकडचा खालचा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत राहावे, म्हणजे महिन्याने पहिल्या चौकोनाची पाळी येते. त्या-त्या चौकोनातही कालच्या जागेपासून आजची जागा निदान एक बोट सोडून असावी. मांडीचे आणि कुल्ल्याचे दोन-दोन भाग करून तसेच करावे.

विसरायला होत असेल तर कॅलेंडरवर त्या-त्या आठवड्याला आकडा घालून ठेवावा. दुधाचा हिशेब जिथे लिहितो तिथेच हाही.

दोन गोष्टी जास्तीच्या. सकाळची सुई पोटावर आणि रात्रीची मांडीवर असे ठरले असेल तर ते वेळापत्रक मोडू नये, कारण प्रत्येक जागेवरून औषध शोषण्याची गती वेगळी असते. दुसरे असे की, मांडीला सुई घेऊन लगेच खुरपणी, बांधबंदिस्ती, सायकल असे पायाचे श्रम करू नयेत. चालत्या स्नायूजवळचे औषध लवकर शोषले जाते आणि शेतात एकटे असताना साखर उतरण्याचा धोका असतो. शेतात जायच्या दिवशी पोटावरची जागा बरी.

गाठ असेल तर घाई करू नका

हा परिच्छेद नीट वाचावा. आंघोळीच्या वेळी साबणाचा हात पोटावरून आणि मांड्यांवरून सावकाश फिरवून पाहावा. गाठ लागली तर तिथे सुई घेणे बंद करावे, पण त्याआधी डॉक्टरांना भेटावे. कारण इतके दिवस निम्मेशिम्मे वाया जाणारे औषध चांगल्या जागी टोचले की पुरते लागू होते. डोस तोच ठेवला तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. डोस किती कमी करायचा हे डॉक्टरच सांगतील. स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नये. नवी जागा धरल्यावर काही दिवस साखर वरचेवर तपासावी. गाठ मोकळी सोडली की काही आठवड्यांत-महिन्यांत हळूहळू विरते.

साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, छातीत धडधड, एकदम भूक, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, बरे वाटले नाही तर परत द्यावी, आणि मग भाकरी किंवा जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. सुई घेणाऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असलीच पाहिजे. आपण साखर पिकवणारे लोक. ती एक पुडी जीव वाचवते.

टोचण्याची रीत

हात साबणाने धुवावेत. जागा स्वच्छ असेल तर साबण-पाणी पुरे. स्पिरिट लावले तर ते पूर्ण वाळू द्यावे. ओल्या स्पिरिटवर सुई टोचली की आग होते. कपड्यावरून टोचू नये.

फ्रिजमधून काढलेले थंडगार औषध टोचले की झोंबते. वापरातली बाटली वा पेन बाहेर ठेवावे, नाहीतर अर्धा तास आधी काढून ठेवावे. दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन तळहातांमध्ये दहा वेळा हलकेच फिरवावे आणि दहा वेळा वर-खाली करावे. घुसळल्यासारखे हलवू नये.

४ मिलिमीटरची पेनसुई सरळ उभी टोचावी, चिमूट धरायची सहसा गरज नाही. सिरिंजची सुई जास्त लांब असते. म्हणून अंगठा आणि दोन बोटांनी कातडी हलकेच उचलावी आणि सडसडीत माणसाने सुई तिरपी धरावी. पेनचे बटण दाबल्यावर सावकाश दहा अंक मोजून मगच सुई काढावी, नाहीतर थेंब बाहेर येतो. नंतर चोळू नये.

सुई दर वेळी नवी घ्यावी हा नियम. आपल्याकडे एकच सुई आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस चालवतात, हे उघड गुपित आहे. दोन रुपये वाचतात खरे, पण बोथट झालेला कोयता जसा ऊस तोडत नाही, चिरडतो, तसेच वापरलेल्या सुईचे. तिचे टोक वाकते, वरचा गुळगुळीत थर जातो, कातडी फाटते, रक्त येते, गाठ लवकर धरते आणि जंतूही आत जातात. एकाचे पेन दुसऱ्याने कधीही वापरू नये, सुई बदलली तरीही नाही. नवरा-बायको दोघांनाही शुगर असली तरी पेन वेगळे.

चाळीसचे आणि शंभरचे

आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा ४० ताकदीचे असते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले १०० ताकदीचे असते, आणि १०० ची सिरिंज केशरी टोपणाची. ही जोडी चुकली तर अनर्थ होतो. पेनच्या काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० रेघांपर्यंत औषध ओढले तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. उलट ४० च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लावली तर २० च्या जागी ८ च जातात. पेनमधून सिरिंजने औषध कधीच ओढू नये. दुकानातून आणताना बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग दोन्ही पाहूनच पैसे द्यावेत.

उन्हाळा आणि मडके

न फोडलेले औषध फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात किंवा दाराशी ठेवावे, बर्फाच्या खणात किंवा त्याला टेकून ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. फोडलेली बाटली सावलीत, थंड जागी साधारण चार आठवडे चालते. फोडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. नगरच्या चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. अशा वेळी मोठ्या मडक्यात ओली वाळू भरून त्यात लहान मडके बसवावे, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत ठेवावी, वर ओले फडके टाकावे. फ्रिजइतका गारवा मिळत नाही, पण औषध उन्हाने खराब होत नाही. ट्रॅक्टरच्या पेटीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याखाली औषध ठेवू नये. आपल्या फडात येणाऱ्या तोडणी कामगारांच्या कोपीवरही कुणी सुई घेणारा असू शकतो; त्यांना ही मडक्याची युक्ती जरूर सांगावी.

कशाला घाबरायचे, कशाला नाही

टोचल्या जागी रक्ताचा एखादा थेंब येणे किंवा काळेनिळे होणे यात घाबरण्यासारखे काही नाही. बारीक शीर दुखावलेली असते, आपोआप बरी होते. थोडी लाली किंवा खाज सुरुवातीच्या दिवसांत येते आणि बहुधा जाते. टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवावी.

पण जागा गरम होऊन लाली पसरत असेल, ठणका लागला असेल, पू दिसत असेल किंवा ताप आला असेल तर घरी हळदीचा लेप लावून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शुगर असलेल्या माणसाची जखम लवकर चिघळते. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर ती तातडीची बाब आहे. १०८ लाच फोन करावा. खड्डा पडला असेल तर तोही दाखवावा, औषध बदलण्याचा विचार होऊ शकतो.

कातडीखाली घ्यायची दुसरीही औषधे आहेत. ऑपरेशननंतर किंवा हृदयाच्या दुखण्यात रक्त पातळ करण्याची सुई पोटाच्या बाजूला देतात. तिने काळेनिळे जास्त होते, म्हणून ती जागा अजिबात चोळू नये. तिच्या भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज काढायचा नसतो. आठवड्यातून एकदा घ्यायच्या सुयाही आता आल्या आहेत. जागा बदलण्याचा नियम सगळ्यांना सारखाच.

वापरलेली सुई उकिरड्यात नको

उकिरड्यातली सुई शेणखताबरोबर शेतात जाते आणि खुरपणाऱ्या बाईच्या बोटात किंवा अनवाणी पोराच्या पायात शिरते. जनावरांच्या वैरणीतही ती जाऊ शकते. जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा घ्यावा, सुया त्यात टाकाव्यात, भरला की झाकण पक्के चिकटवून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या दवाखान्यात विचारून द्यावा.

शेवटी

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसता रिपोर्ट दाखवू नका. सदरा वर करून पोट दाखवा आणि म्हणा, "डॉक्टरसाहेब, सुईच्या जागा हाताने तपासा." घरी टोचून देणारी सूनबाई वा नातू असेल तर त्यांना बरोबर न्या. खोडवा कितीही चांगला आला तरी आपण रान कायम उसाखाली ठेवत नाही, बेवड करतो, जमिनीला विसावा देतो. पोटाच्या कातडीलाही तेवढाच विसावा द्यावा, एवढेच सांगणे.